ओतून दिलेला चहा

अन्याय माझ्या वहिनीवर झाला. तो झाला एकोणीसशे चोपन्न सालच्या श्रावणात, दुसऱ्या सोमवारी, दुपारी, चिटगुप्प्याच्या आमच्या घरात. करणारे आमचेच लोक. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी निजामाला, प्रांतरचनेच्या कमिशनला किंवा सरकारला शिव्या देण्याच्या तयारीनं बसू नये. त्यांच्याबद्दल मला जे म्हणायचं होतं ते मी पत्रकांतून पुष्कळ म्हटलेलं आहे. हे घरातलं आहे.

वहिनी औराद तालुक्यातल्या चिंताकीकडची. माहेर शेतकऱ्याचं. पोलीस ॲक्शननंतर दोन-अडीच वर्षांनी अण्णाशी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाशी, तिचं लग्न झालं. तिकडं तेलुगूचा वारा लागतो, त्यामुळं आल्याला ती अल्लम म्हणायची. माझी आई, जिला आम्ही सगळे अव्वा म्हणतो, सुंठीला शुंठी म्हणायची आणि पूजा कन्नडमध्ये करायची. अप्पा, माझे वडील, आडतीच्या दुकानात उर्दूत भाव ठरवायचे, घरात मराठीत रागवायचे आणि फार रागावले की कन्नडमध्ये जायचे. आमच्या भागात ह्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वावगं वाटायला लागलं ते भाषावार प्रांत होणार अशी बोलणी सुरू झाल्यावर.

वहिनी यायच्या आधी आमच्या घरात चहा असा नव्हताच. पुरुष बाहेर हॉटेलात पीत. घरात अव्वाचा कषाय: धने, जिरे, सुंठ आणि गूळ पाण्यात उकळून केलेला काढा, वर नखभर दूध. चहापत्तीची पुडी असायची ती कुणाचं डोकं दुखलं तर. वहिनीनं ह्या दोन गोष्टी एकत्र आणल्या. भगुन्यात पाणी चढवायची, त्यात ठेचलेली सुंठ, मिरे, एखादी लवंग. वेलदोड्याची नुसती सालं आधी टाकायची, दाणे मागं ठेवायची. पाण्याला रंग चढला की गूळ, मग पत्ती, आणि लगेच भगुनं खाली उतरवून झाकण. दूध शेजारच्या वैलावर वेगळं तापत असायचं. गुळाच्या चहात चुलीवर असताना दूध घातलं की तो फाटतो. म्हणून आधी फडक्यातून गाळायचं, मग वरून दूध, आणि शेवटी वेलदोड्याचे दाणे चिमटीत चुरडून. पुढं साखर सहज मिळायला लागली तरी तिनं गूळ सोडला नाही.

माझं त्या वेळी शिक्षण संपून, आमचा भाग मराठी प्रांतात जावा म्हणून चाललेल्या लढ्याचं काम सुरू झालेलं. पत्रकं लिहायची, हातानं प्रती काढायच्या, बैठकीचा निरोप घरोघर पोचवायचा. आमचा सोपा म्हणजे बैठकीची जागा. वहिनी चुलीपाशी, मी उंबऱ्यापाशी कागद घेऊन.

"काय पुढारीणबाई, आज कुणाचा धिक्कार करायलात?"

"ज्यांना आमचा तालुका कुठं टाकायचा ते ठाऊक नाही, त्यांचा."

"किती लोकं येणार हायत धिक्कार करायला?"

"बारा-पंधरा."

"मग सुंठ जास्त घालते. घसे बसायचे बिचाऱ्यांचे."

असं आमचं चालायचं. बैठकीला येणारे लोक आधी चहाबद्दल बोलत आणि मग प्रांताच्या प्रश्नाबद्दल. भालकीकडचा एक म्हातारा शेतकरी म्हणायचा, मी कमिशनसाठी येत न्हाई बाबा, मिऱ्यासाठी येतो.

आता आमच्या घरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही लिंगवंत. आमच्यात मुलगा असो की मुलगी, गळ्यात लिंग बांधतात, आणि ज्याच्या गळ्यात लिंग आहे त्याला सूतक नाही. जन्माचं नाही, मरणाचं नाही, बाईच्या महिन्याच्या पाळीचं नाही. दुसऱ्यांच्या घरी बाई ते चार दिवस बाजूला बसते, कशाला शिवत नाही. आमच्या घरी अव्वा त्या दिवशी सकाळी अंघोळ करायची, लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची आणि चूल पेटवायची. मला स्वतःला हे दिवस म्हणजे पोट दुखणं एवढंच ठाऊक होतं. त्यात लपवायचं काही आहे हे मी हैदराबादच्या वसतिगृहात पहिल्यांदा शिकले.

अप्पांना ह्याचा अभिमान होता. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात गावात राहणं धोक्याचं झालं, तेव्हा आम्ही मेहकरकडं एका नातेवाइकाच्या मळ्यात जाऊन राहिलो होतो. चार-पाच घरची माणसं, सगळी वेगवेगळ्या जातींची, आणि चूल एक. त्यातली एक बाई चिंचेखाली वेगळी बसून होती. तिचे दिवस होते. उन्हाचा पारा चढला तरी तिला पाणी द्यायला कुणी जाईना, कारण जाणाऱ्याला पुन्हा अंघोळ करावी लागणार आणि विहिरीत पाणी तळाला गेलेलं. अव्वा उठली, तिचा हात धरून तिला चुलीपाशी घेऊन आली आणि परात तिच्यापुढं सरकवली. बायका कुजबुजायला लागल्या. अप्पा बाहेर बाजेवर बसलेले, ते तिथूनच म्हणाले, "आमच्यात हे न्हाई. ज्याला चालत न्हाई त्यानं आपली भाकर आपण थापावी." मी तेव्हा लहान होते असं नाही, चांगली कळती होते. अप्पांचा तो आवाज मला आजही ऐकू येतो. म्हणूनच त्यांनी सहा वर्षांनी जे केलं ते मी अडाणीपणात जमा करायला तयार नाही.

त्या सोमवारी बैठक मोठी होती. प्रांतरचनेचं कमिशन हैदराबादला येणार, त्याच्यापुढं आमच्या बाजूचं म्हणणं कुणी आणि कसं मांडायचं हे ठरायचं होतं. भालकीकडचे एक वकील सकाळच्या मोटारनं आले. बरोबर त्यांची बायको. श्रावणी सोमवार, त्यामुळं निम्म्या लोकांना उपास. कुणीतरी म्हणालं, "उपासाला चहा चालतो, हे एक शास्त्रानं लई बरं केलंय." सोप्यात हशा झाला.

वकीलीणबाई आत आल्या. बाई मनानं चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू. आल्या आल्या पाट ओढून चुलीजवळ बसल्या. "काय वास सुटलाय गं! आमच्याकडं नुसतं गरम पाणी आणि साखर." वहिनीनं पहिला कप त्यांनाच दिला. मी सोप्यात कप नेऊन ठेवले, परत आले. बाई बशीत ओतून घेत होत्या, दर घोटाला मान डोलवत होत्या.

"संध्याकाळी महादेवाला जाऊ. बेल वाहू. तू बी चल," त्या वहिनीला म्हणाल्या.

"आले असते की," वहिनी म्हणाली. "पण वाट चिखलाची हाय आन् माझी कंबर लई दुखायलीय. दुसरा दिवस हाय आज. उद्या जाऊ का?"

आपल्याला कुणी विचारलं आणि आपण म्हणावं की काल पायात काटा गेलाय, तसं ती म्हणाली.

"कसला दुसरा दिवस?"

वहिनीनं सांगितलं.

बाईंनी बशी खाली ठेवली. आधी त्यांना वाटलं की आपण चुकीचं ऐकलं. मग म्हणाल्या, "अगंबाई. आणि तू चुलीपाशी?"

"मग कुठं बसू?" वहिनीनं विचारलं. टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच कळलं नव्हतं.

बाई उठल्या, पदर सावरून घेतला आणि सोप्याच्या दाराशी जाऊन नवऱ्याला हाक मारली. हळूच सांगायचं म्हणून त्यांनी सांगितलं, पण हळू सांगितलेलं सगळ्यांत लवकर पसरतं. वकिलांनी कप ठेवला. त्यांच्या शेजारच्यानं ठेवला. एकाच्या तोंडात घोट होता. तो गिळावा की थुंकावा हे त्याला ठरवता येईना. शेवटी तो अंगणात गेला आणि खळखळून चूळ भरून आला. एका तरुण पोरानं मात्र आपल्याला कुणी काही सांगायच्या आत कप घाईघाईनं रिकामा करून टाकला.

वकील समजूतदारपणे म्हणाले, "अप्पा, मनावर घेऊ नका. तुमच्यात चालत असेल. पण आज सोमवार, लोकांना उपास..."

सगळे अप्पांकडं बघत होते. मळ्यात जे म्हणाले होते तेच अप्पांनी म्हणायचं होतं. आमच्यात हे नाही, एवढे तीन शब्द. सभेत तासभर बोलणारा माणूस.

अप्पा म्हणाले, "चूक झाली. सून नवी हाय."

तीन वर्षं झाली होती तिला येऊन.

मग ते आत आले. वहिनीकडं बघितलंही नाही. अव्वाला म्हणाले, "ते ओतून दे. दुसरा टाक. आन् हिला मागं बसव."

मी म्हणाले, "अप्पा, आपल्यात हे न्हाई."

"आज हाय," अप्पा म्हणाले आणि बाहेर गेले.

अव्वानं भगुनं उचललं आणि मोरीत पालथं केलं. सुंठ-वेलदोड्याचा वास घरभर झाला. चहा वाहून गेला तरी वास जाईना. वहिनी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "अव्वा, दूध तरी ठेवा. सांजच्याला तेवढंच हाय." आणि स्वतःच मागच्या दारानं सरपणाच्या खोलीत जाऊन बसली. बसायचं कसं असतं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. ती आपली ओणवी होऊन गोवऱ्या एकावर एक रचत राहिली.

अव्वानं दुसरा चहा टाकला. तिला ह्या चहाची सवय नव्हती. तिनं गूळ आणि दूध एकदमच चुलीवर घातलं. चहा फाटला. पांढऱ्या कण्या वर आल्या. "अव्वा, फाटलाय," मी म्हणाले. "ने तसाच," ती म्हणाली. मी नेला. आणि त्या लोकांनी तो प्यायला. एकानं तोंड वाकडं केलं नाही. वकील म्हणाले, "वा, छान झालाय." फाटलेला चहा चालला. नंतर कमिशनपुढं कुणी बोलायचं ते ठरलं आणि बैठक एकमतानं संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी आम्हाला सगळ्यांना बोलावून कारण सांगितलं. मला ते पाठ आहे, कारण त्यात काहीच खोटं नव्हतं. "लोक आपल्याकडं कसे बघायलेत ठाऊक हाय का? म्हणतात, हे लिंगवंत घरात कन्नड बोलतात, ह्यांचे स्वामी कन्नड, ऐन वेळेला हे तिकडंच जाणार. मी गळा फोडून सांगतो की आम्ही तुमचेच. आन् आपल्या घरच्या चहावरून ते उठून गेले तर? प्रश्न सुटंपर्यंत पाळायचं. येणारा-जाणारा कोण कवा येईल, सांगता येत न्हाई. प्रश्न सुटला की आपलं आपल्यापाशी."

अण्णा खाली बघत होता. वहिनी दाराआड होती. तिला कुणी काही विचारलं नाही. प्रांत कुणाचा व्हावा ह्याबद्दल लोकांना विचारा, लोकांची इच्छा बघा, असं मी त्याच आठवड्यात एका पत्रकात लिहिलं होतं.

मग सुरू झालं ते हसावं की रडावं असं. आमच्या घराला विटाळ पाळता येत नव्हता! अव्वा पन्नाशीला आलेली बाई, ती शेजारच्या घरी विचारायला गेली. चार दिवस का पाच? डोक्यावरून पाणी कवा? घागर भरली तर चालती का? जात्याला शिवलं तर? शेजारीण पदर तोंडावर धरून हसली. "अहो अक्का, ह्या वयात शिकायलात व्हय?" अव्वा ऐकून यायची आणि निम्मं विसरायची. वहिनीला मागं बसवायचं आणि थोड्या वेळानं स्वतःच तिच्या हातात निवडायला डाळ नेऊन द्यायची. अप्पा दुकानातून यायचे आणि तिनंच सकाळी भरलेल्या घागरीतलं पाणी ढसाढसा प्यायचे. अण्णा तिला शिवून यायचा आणि सोप्यात पाहुण्यांना पान करून द्यायचा. खरोखर पाळणारा माणूस घरात असता तर त्याला वेड लागलं असतं. पण पाळण्यासाठी हे चाललेलंच नव्हतं. दिसण्यासाठी चाललेलं होतं, म्हणून माझ्या दिवसांबद्दल कुणी विचारलं नाही; चहा माझ्या हातचा नसायचा. सोप्यातून मागचं दार दिसतं, आणि त्या दारातून सरपणाच्या खोलीत बसलेली बाई दिसली की आलेल्या लोकांचं समाधान व्हायचं. ती मात्र तिथंही रोज लिंगपूजा करायची, लाकडाच्या ढिगाशेजारी बसून, हात डोळ्यांपुढं धरून.

मी बैठकीत हा विषय काढला. म्हणाले, ह्यावर एक पत्रक काढू. एकजण म्हणाला, "ताई, आधी सीमा, मग बायका." दुसरा म्हणाला, योग्य वेळी घेऊ. मी स्वतः पत्रकं लिहिते, त्यामुळं योग्य वेळ ही काय चीज असते ते मला ठाऊक आहे. सरकार आम्हाला जे सांगत होतं, तेच आम्ही आमच्या बायकांना सांगत होतो.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. वहिनी डोक्यावरून न्हाऊन आत आली होती. सोप्यात माणसं जमायला लागली होती. अव्वा म्हणाली, "टाक बाई चहा. आलेत लोक."

वहिनी सुपात ज्वारी पाखडत होती. "न्हाई टाकत."

"कामून गं?"

"ह्या हाताचा चहा चार दिवस चालत न्हाई. मग बाकीच्या दिवशी बी चालू नये."

"अगं, तू न्हालीस की आता."

"न्हाल्यानं हात बदलला का, अव्वा? त्योच हाय." तिनं हात पुढं केला. कोंडा लागलेला, बोटाला भाजल्याचा डाग असलेला.

अव्वानं गुपचूप भगुनं चढवलं.

त्या दिवसापासून वहिनीनं चहा केला नाही. बाकी सगळं करायची. भाकरी, झाडलोट, म्हशीची धार, अप्पांचं धोतर धुणं. कुठल्याही कामात कसूर नाही, तोंड वाकडं नाही, हसणं-खिदळणं तेच. फक्त चहापत्तीच्या डब्याला हात लावायची नाही. मी विचारलं, "मग भाकर कामून करता?"

"भाकर घरची माणसं खातात. त्यांना ठाऊक हाय मी कोण हाय ते. चहा भाईर जातो."

अण्णानं गोड बोलून बघितलं. "माझ्यापुरता कर गं कपभर."

"करते की. तुमी सोप्यात बसून पिणार का? समद्यांसमोर, माझ्या हाताचा, कुठला बी दिवस असला तरी?"

अण्णा हॉटेलात प्यायला लागला. शूर माणूस माझा भाऊ. पोलिसांच्या लाठ्या खाल्लेला.

अप्पांनी शेवटी आमच्या स्वामींना बोलावून आणलं. त्यांनीच वहिनीला लग्नानंतर घरचा उपदेश दिलेला. स्वामी म्हणाले, "घरात शांती पाहिजे, आई." वहिनी दाराआडून म्हणाली, "अय्यनवरू, तुमीच सांगितलं हुतं लिंगाला सूतक न्हाई. ते कुणी पावणे नसताना का?" स्वामी बराच वेळ विभूतीची पेटी उघडत-झाकत बसले. मग म्हणाले, काळ कठीण आहे. दूध प्याले आणि गेले. माझा राग अप्पांवर आहे, पण ह्या माणसावर जास्त आहे. अप्पांना निदान एक प्रांत मिळवायचा होता.

पुढच्या वर्षी कमिशनचा अहवाल आला. आमचं नाव कुठल्या बाजूला पडलं ते इथं पुन्हा लिहीत नाही. काही दिवस बैठका दुप्पट झाल्या, मग निम्म्या, मग एखाद-दुसरी. अव्वाचा चहा पातळच व्हायचा. मिऱ्यासाठी येणारा तो म्हातारा यायचा थांबला. तो चहामुळं थांबला की अहवालामुळं, कुणी विचारलं नाही. छप्पन सालच्या नोव्हेंबरात हैदराबाद राज्यच संपलं आणि आमचा तालुका म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवशी अप्पांनी दुकान उघडलं नाही.

दोन-तीन दिवसांनी वहिनी मला म्हणाली, "पुढारीणबाई, अप्पांना विचारा की, प्रश्न सुटला का म्हणून. सुटला असंल तर मी मागून पुढं येते. सुटला नसंल तर सरपणाच्या खोलीला एक खिडकी पाडून घ्या."

मी विचारलं नाही. तिनंच सांगितलेलं होतं तरी मला त्या घटकेला अप्पांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. पण घर लहान, भिंती मातीच्या. ऐकलं असणार त्यांनी.

थंडी पडली होती. अप्पांना खोकला झाला होता, कुणी यायचं-जायचं नव्हतं. एके सकाळी ते उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. वहिनी चुलीवर पाणी ठेवून मागं निघाली होती.

"चहा टाकतीस का?" अप्पा म्हणाले.

दोन वर्षांत ते तिच्याशी सरळ असं बोलले नव्हते. जे सांगायचं ते अव्वामार्फत.

"आज पहिला दिवस हाय माझा," वहिनी म्हणाली. "मागंच चाललेय."

अप्पा खोकले. दाराला हात लावून उभे राहिले. अव्वानं चूल फुंकायची थांबवली.

"टाक," अप्पा म्हणाले. आणि येऊन जमिनीवर बसले, चुलीपाशी.

वहिनीनं फळीवरून चहापत्तीचा डबा काढला, खलबत्ता घेतला आणि सुंठ ठेचायला बसली. मिरे मोजले नाहीत, मूठ उघडून सोडले. अप्पांनी बशीत ओतून घेतलं, फुंकलं, प्याले.

"मिरे जास्त झालेत."

"खोकला हाय तुमाला," वहिनी म्हणाली.

दुसरी बशी त्यांनी मागून घेतली. अव्वा तोंड फिरवून लाकडं सारत बसली होती, नको तितकी लाकडं.

लोकांना मी ही हकिकत सांगते तेव्हा ते इथं सुस्कारा टाकतात आणि म्हणतात, म्हणजे शेवट गोड झाला. झाला नाही. पुढच्याच महिन्यात दोघेजण आले, प्रश्न सोडायचा नाही, काम चालू ठेवायचं असं ठरवायला. चांगले, तळमळीचे लोक. ते सोप्यात बसले आणि अप्पा आत येऊन अव्वाच्या कानाशी हळूच म्हणाले, "आज कोण करायलंय चहा?" वहिनीचा तो तिसरा दिवस. अव्वानं केला. वहिनी मागच्या खोलीत गेली नाही, ते तिनं कायमचं सोडलं. पण भिंतीला टेकून बसली आणि मला म्हणाली, "आत चालती मी. भाईर न्हाई."

मी त्या संध्याकाळी अप्पांशी भांडले. ते म्हणाले, "मी पितो की तिच्या हातचा. रोज पितो." त्यांना वाटत होतं की हे फार झालं. एकट्यानं, चुलीपाशी, दार लोटून प्यायलेला चहा! ओतून दिला तो सोप्यातल्या लोकांदेखत. नवी सून आहे, चूक झाली, हे बोलणं झालं ते सोप्यात. मग भरपाई चुलीपाशी कशी होईल? माझ्या वहिनीला अप्पांच्या पोटात तिचा चहा गेलेला नको आहे. तिला अप्पांच्या तोंडून ते तीन शब्द हवे आहेत, बाहेर, त्याच सतरंजीवर, माणसं बसलेली असताना. ते अजून निघालेले नाहीत. आज हे लिहिते आहे तोपर्यंत तरी नाहीत.

आमच्या अप्पांचं मी बघेन. तुमचं तुम्ही बघा. तुम्ही लिंगवंत असाल तर तुमच्या घरात कोणती खोली गेल्या काही वर्षांत बाईला बसायला काढून ठेवली आहे ते आजच जाऊन बघा, आणि तिच्यात सरपण भरा. तुम्ही पाहुणे म्हणून अशा घरी जात असाल तर कप हातात आला की तो प्या, दाराकडं बघू नका. आणि तुम्ही घरचे कर्ते असाल तर येत्या बैठकीला, ज्या दिवशी तुमच्या सुनेला किंवा लेकीला बाजूला बसवलं असतं नेमक्या त्याच दिवशी, तिला चहा करायला सांगा, तिलाच सोप्यात घेऊन यायला सांगा, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा की आज तिचा कितवा दिवस आहे, आणि पहिला घोट तुम्ही घ्या.